पिवळे ठिपके माझे, पांढरे डन्कनचे

मी, जोसलिन मार्गरेट ड्रिंग, वय वर्षे सेहेचाळीस, शाळेत भूगोल शिकवणारी, राहणार चर्च लेन, होर्नकॅसल, लिंकनशर, हे मृत्युपत्र आज रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला ताप नाही, मी प्यायलेली नाही आणि कोणी मानगुटीवर बसून हे लिहवून घेत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. असल्याचे कोणी सांगितले तर ते खोटे समजावे.

आजच का, हे सांगणे भाग आहे. उद्या सकाळी माझी गाडी लिंकनला सरकारी तपासणीसाठी न्यायची आहे. ही गाडी मी घरच्या गॅरेजमध्ये बांधली. खोक्यांतून आलेला सांगाडा आणि पत्रे, आणि भंगारात निघालेल्या एका जुन्या गाडीचे इंजिन, गिअर व मागचा धुरा, यांतून ती उभी राहिली. दोन माणसे बसतात. छप्पर नाही, दारे नाहीत. अजून नंबरही नाही, आणि बिननंबरी गाडी रस्त्यावर आणायची तर ती फक्त ठरलेल्या तपासणीला नेण्यापुरतीच. म्हणजे तिचा पहिला प्रवास उद्याचाच. आजवर तिने आमचे फाटक ओलांडलेले नाही.

माझा नवरा मार्कस म्हणाला, "ट्रेलरवर घालून ने."

मी म्हटले, "चालवायला बांधलीय. वरातीत मिरवायला नाही."

"मग आधी मृत्युपत्र कर आणि काय ते चालव."

तो टोमणा होता. मी कागद काढला.

कलम १. राहते घर, त्यातले सामान आणि पुढच्या कलमांत ज्याची वाट लावलेली नाही असे माझे जे जे काही उरेल ते सर्व मार्कसला. व्यवस्थाही त्यानेच पाहावी. न्हाणीघरातला गळका नळ त्याने माझ्या हयातीत दुरुस्त केला नाही. माझ्या पश्चात करील अशी आशा नाही, प्लंबर बोलवावा. गॅरेजमध्ये त्याने आपल्या सायकली आणि बागेतल्या खुर्च्या खुशाल परत आणून ठेवाव्यात. जमिनीवरचा तेलाचा डाग मात्र घासू नये.

कलम २. बँकेतली माझ्या नावची शिल्लक मुलगी टॅबिथा हिला. ती शहाणपणाने खर्च करावी असे लिहिणार होते. पण मी माझी कशी खर्च केली हे तिने डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून ते वाक्य गाळते.

कलम ३. सोनेरी कडांचा चहाचा संच बेरिल मावशीला, कारण आमच्याकडे आली की ती प्रत्येक बशी उलटी करून खालचा शिक्का वाचते. हा संच मला वडिलांकडून आला. माझा भाऊ डन्कन याला हत्यारांची पेटी आली. लहानपणी मी त्यांच्या गॅरेजच्या दारात उभी राहिले की बाबा म्हणत, "पोरी, हात काळे होतील. आईकडे जा." आई स्वयंपाकघरात असे आणि तिचे हात बटाट्यांच्या मातीने काळेच असत. डन्कनने ती पेटी कित्येक वर्षे उघडलीसुद्धा नाही. मी त्या संचातून एकदाही चहा प्यायले नाही. यात कोणाचा राग जास्त टिकला, हे मला ठरवता आलेले नाही.

कलम ४. माझी स्वतःची हत्यारे आमच्या शाळेच्या कार्यशाळेला. त्यातला लांब दांड्याचा पाना जपून वापरावा. बोल्ट ठरलेल्या ताणाला आला की तो 'टक्' असा वाजतो. तो वाजला की त्या बोल्टवर रंगाचा ठिपका द्यायचा, ही घरी गाडी बांधणाऱ्यांची रीत आहे. ठिपका नाही तर बोल्ट घट्ट नाही, असे धरून चालायचे. आमच्या गाडीवर पिवळे ठिपके माझे आणि पांढरे डन्कनचे.

कलम ५. गाडी डन्कन हॅकेट याला.

हे मी रागात लिहीत आहे, पण लिहीत आहे. गेल्या वर्षी तो दर शनिवारी बाबांची पेटी घेऊन यायचा. मी जोडणीचे पुस्तक वाचायची, तो बोल्ट बसवायचा. मग तो वाचायचा, मी बसवायची. यंदाच्या ईस्टरला आमच्या गाडी बांधणाऱ्यांच्या मंडळात चहाच्या वेळी तो सगळ्यांसमोर म्हणाला, "गाडी मीच बांधली म्हणा ना. मास्तरीणबाई फक्त पुस्तक वाचून दाखवायच्या." लोक हसले. मीही हसले. त्यानंतर मी त्याला गॅरेजचे दार उघडले नाही, आणि त्यानेही वाजवले नाही. उरलेली गाडी मी एकटीने पुरी केली. तरी निम्मे बोल्ट त्याचे आहेत. दुसऱ्या कोणाला दिली तर तो ती सुटी करून विकील. डन्कन चालवील. जोरात चालवील, पण चालवील.

आता या कलमातली खरी अडचण. आज सकाळी उद्याच्या तयारीसाठी मी गाडीखाली शिरले. पुढच्या चाकाजवळ एक पांढरा ठिपका दिसला आणि केवळ हाताला सवय म्हणून त्याला पाना लावला. बोल्ट फिरला. टक् वाजायच्या आधी चांगलाच फिरला. मग हात पोचतील ते सगळे पांढरे बोल्ट तपासले. काही घट्ट होते, काही नव्हते. सगळे आवळले, त्यांच्यावर पिवळा चढवला. एक राहिला.

मागचे उजवे चाक ज्या दांड्याने सांगाड्याला धरले आहे, त्या दांड्याचा हा पुढचा बोल्ट. तो चालकाच्या सीटशेजारच्या पत्र्यामागे आहे. पत्रा डिंकाने चिकटवून रिव्हेट मारून बंद केलेला, वर गालिचा. बंद करण्यापूर्वी काढलेला फोटो माझ्याकडे आहे. त्यात पांढरा ठिपका स्वच्छ दिसतो. हा बोल्ट निसटला तर मागचे चाक आपल्या मर्जीने वळते. लिंकनच्या वाटेवर खाणीजवळ उतार आहे, उतार संपता संपता वळण आहे, आणि या दिवसांत समोरून बीट भरलेले ट्रक येतात.

उघडायचा तर रिव्हेट ड्रिलने फोडायचे, पत्रा खरवडून काढायचा. तो वाकला, कडा धारदार राहिली, तर तपासणीत नापास. तिथला अधिकारी कडांवरून बोट फिरवतो. पुढची तारीख हिवाळा संपल्यावर. न उघडावा, तर बहुधा तो घट्ट असेल. 'बहुधा' हा शब्द मी मुलांच्या उत्तरपत्रिकेत लाल शाईने कापते.

आणि इथे मला स्वतःला एक प्रश्न विचारावा लागतो. मी दुपारभर हे लिहीत बसले आहे ते मार्कसच्या टोमण्यामुळे, की ड्रिल हातात घ्यावे लागू नये म्हणून? मरणाची नीट व्यवस्था लावून ठेवणे हे बोल्ट बघण्यापेक्षा सोपे निघाले.

वरची ओळ लिहून मी डन्कनला फोन केला. ईस्टरनंतर पहिल्यांदा. नमस्कार-चमत्कार काही नाही. विचारले, "तुझा पांढरा ठिपका म्हणजे काय?"

तो म्हणाला, "येतो."

कलम ६. हे कलम कायद्याला लागत नसेल, तरी राहू द्यावे. पुढचे सगळे झाल्यावर पुन्हा टेबलाशी बसून लिहीत आहे.

डन्कन आला तो पेटी घेऊनच. मार्कसने दार उघडले. डन्कनने आत पाऊल टाकायच्या आधीच मी प्रश्न पुन्हा विचारला.

"ठिपका म्हणजे बोल्ट बसवला," तो म्हणाला. "राहिला नाही, एवढं कळावं म्हणून."

"आणि घट्ट?"

"घट्ट तू करायचीस ना! टकटक्या पाना कायम तुझ्याच हातात. मला वाटायचं, मी घरी गेलो की तू मागून सगळे बघत फिरतेस. तुझा स्वभावच तसा."

"पांढऱ्यांना मी हात लावत नव्हते. ते तुझे होते."

"का नाही लावलास?"

"तुला वाटलं असतं, माझा विश्वास नाही."

डन्कनने पेटी खाली ठेवली. "अगं बये," तो म्हणाला, "नको तिथं कसली गं सभ्यता?"

मार्कस आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होता. "म्हणजे एकानं बसवायचा, दुसऱ्यानं आवळायचा, आणि दोघांनी एकमेकांवर भरवसा ठेवायचा," तो म्हणाला. "छान. आमचं लग्नही असंच चाललंय, पण ते ताशी सत्तर मैलांनी पळत नाही."

मी फोटो दाखवला. डन्कनने तो मोठा करून पाहिला. "हा मला आठवत नाही, जोस. खोटं नाही सांगत. घट्ट असेलही."

"असेलही?"

"उघडू या."

"नापास होईल."

"होऊ दे."

"मग हिवाळाभर थांबावं लागेल."

"थांब की. ईस्टरपासून माझ्याशी बोलल्याशिवाय थांबलीस, तशी."

सीट काढली. गालिचा उचलला. ड्रिल मी धरले, कारण गाडी माझी. मार्कसने विजेरी धरली. या गाडीच्या कामाला त्याचा हात लागला तो हा पहिलाच. एकेक रिव्हेट फुटत गेला. पत्रा सुटताना एका कोपऱ्याला वाकला आणि मी मनातल्या मनात उद्याच्या तपासणीवर पाणी सोडले. आत अंधार, धूळ, आणि अंधारात तो पांढरा ठिपका, काल दिल्यासारखा कोरा.

डन्कनचा हात माझ्यापेक्षा लांब. त्याने आत घातला. पाना नाही, नुसती बोटे.

त्याचा खांदा किंचित हलला. पुन्हा हलला. मग त्याने हात बाहेर काढला आणि मूठ उघडली. तळहातावर नट होता. जेमतेम एक-दोन आट्यांवर टेकलेला; बोटाने फिरवला आणि सुटून आला.

मार्कसने विजेरी खाली ठेवली आणि तो अंगणात गेला. खिडकीतून दिसत होता. फाटकाला हात लावून उभा होता, पाठ आमच्याकडे.

डन्कन म्हणाला, "मी..."

मी म्हटले, "पाना दे."

नवा नट चढवला. दोघांनी मिळून आवळला. हात त्याचा पोचत होता, पाना मला कळत होता. टक् वाजले. "अजून एकदा," तो म्हणाला. पुन्हा टक्. मी पांढऱ्यावर पिवळा ठिपका दिला. मग डन्कनने कुंचला मागितला आणि पिवळ्याशेजारी आपला पांढरा दिला. आता त्याचा अर्थ आम्हा दोघांना एकच लागतो. पत्रा ठोकून सरळ केला, परत बसवला, वाकलेल्या कडेवर रबराची पट्टी चढवली. अधिकाऱ्याचे बोट तिथे थांबले तर थांबो.

कलम ७. अंत्यविधीला भाषणे नकोत. विशेषतः डन्कनचे नको.

कलम ८. साक्षीदारांबद्दल. माझी सही दोघांच्या देखत एकाच वेळी झाली पाहिजे. साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला या कागदातून काही मिळत नाही. काही ठेवलेले असलेच तर तेवढे कलम पडते. म्हणून मार्कस चालत नाही. शेजारच्या ओडलिंगबाई आणि त्यांचे यजमान येणार होते. ओडलिंगबाई मनुक्यांचा पाव घेऊन वेळेवर आल्या. यजमान मासे धरायला गेले ते अजून नदीवरच आहेत.

"आधी सह्या, मग पाव," बाई म्हणाल्या. "लोणी लागलेल्या हातांनी असल्या कागदाला शिवू नये."

"दुसरा साक्षीदार कुठंय?" मी म्हटले. "उद्या सकाळी सातला निघायचंय मला."

डन्कन टेबलाशी उभा राहून हा कागद वाचत होता. मी थांबवले नाही. कलम पाचपाशी तो बराच वेळ होता. सातपाशी हसला. आठ वाचले आणि माझ्यापुढचे पेन उचलले.

"मी करतो सही."

"अरे, वाचलंस ना? तू सही केलीस तर गाडी तुला मिळणार नाही."

"वाचता येतं मला. मास्तरीणबाईंचा भाऊ आहे."

"डन्कन, ती तुझ्यासाठी ठेवलीय."

"मला ती तशी नको," तो म्हणाला. "तुझी तू चालव."

फाटकापासून परतलेला मार्कस दारात उभा होता. "थांबा, थांबा," तो म्हणाला. "याचं कलम पडलं, म्हणजे उरलंसुरलं माझ्याकडे. म्हणजे ती बिनदाराची करवंटी माझ्या गळ्यात?"

"कायद्यानं तसंच."

"मला नको ती," मार्कस म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. "ऐकलंस का, जोस? मला ती अजिबात नको. उद्या मी तुझ्या मागोमाग येतोय. खाणीच्या वळणावर हळू घे."

कलम पाच मी खोडत नाही. ते पडणार हे ठाऊक असून जसेच्या तसे ठेवते, म्हणजे माझ्या मनात काय होते ते वाचता येईल. ज्याला गाडी द्यायची होती तो घेत नाही, ज्याच्याकडे जाईल त्याला ती नको. सबब ती उद्या मलाच परत आणावी लागेल, आणि तसे करण्याचे मी खालील साक्षीदारांसमोर कबूल करते.

ठिकाण: होर्नकॅसल, आमचे स्वयंपाकघर
तारीख: १४ ऑक्टोबर २०१८

लिहून ठेवणार:
जोसलिन मार्गरेट ड्रिंग

आम्हा दोघांच्या देखत वरील सही झाली, आणि आम्ही तिच्या देखत या सह्या करत आहोत:

१. आयव्ही ओडलिंग, शेजारीण, चर्च लेन
२. डन्कन हॅकेट, भाऊ