बिनतिखट डबा

मंगळवार, संध्याकाळ

काकूच्या डब्यांची जाहिरात मी नव्याने लिहून मुलुंडच्या आमच्या सोसायटीत वाटली. तिची जुनी ओळ होती, ‘आजारी माणसाला बिनतिखट डबा मिळेल.’ मला ती बापुडी वाटली. काढली, आणि ‘आरोग्यदायी पाकपरंपरेचा प्रसन्न अनुभव’ असं लिहिलं.

आज जिन्यात खालचे सावंत आजोबा भेटले. ऑपरेशन झाल्यापासून दूध-पावावर आहेत. म्हणाले, “तुझ्या काकूने बिनतिखट डबा बंद केला ना गं?”

बिनतिखट डबा. तेवढंच तर हवं होतं त्यांना. कुणासाठी लिहिलं मी?

काकूला सांगितलं. त्यांच्यासाठी मऊ भाताचा कुकर लावत ती म्हणाली, “मलाही नव्हतं कळलं. पण तू शिकलेली, म्हटलं बरोबरच असेल.”

मला पहिली अक्षरं तिनेच गिरवायला शिकवली होती.