पाठीवर अडकलेली होडी

हसू नकोस. नाही, आधी हसणं थांबव आणि मग पुढचं वाच. परवा फोनवर तू जो हसलास ना, तो आवाज अख्ख्या घरानं ऐकला (आपल्या घराला भिंती नाहीत हे ऑकलंडला जाऊन तू विसरला असशील, आम्ही नाही). वर "तू? अरे तुला साधं इंजेक्शन द्यायचं तर नर्सबाईंना दोन पोलीस बोलवावे लागायचे!" असं म्हणून फोन आपटलास. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच आपटता येत नाही, कारण ते घेऊन येणारी मोएलागी मावशी, म्हणजे तुझी सख्खी आई, आत्ता तुझ्या समोर बसलेली असेल आणि तू शेवटची ओळ वाचेपर्यंत ती चहासुद्धा घेणार नाही.

असो, रीत ती रीत. प्रिय पेसामिनो, भावा, तुला येलेमियाचा पालथा नमस्कार (मी पोटावर पडून लिहितोय, हात जोडायचे तर हनुवटी आपटते). तुझा गुडघा कसा आहे? गोदामातल्या त्या मुकादमाशी भांडण मिटलं का? वहिनी खुशाल? आणि तुझी कातडी कशी आहे? म्हणजे तिकडच्या थंडीत फुटतेबिटते का, असं आपलं सहज विचारलं. इकडे सगळे मजेत. आजोबा तर इतके मजेत आहेत की माझ्याच्यानं बघवत नाही. मजेत नाही तो फक्त मी. पेसा, मी घाबरलोय. इतका घाबरलोय की काल विलायती फणसाचं एक फळ झाडावरून धप्पकन पडलं तर मी "आई गं" म्हणून ओरडलो आणि तीन मावश्या गाणं म्हणत धावत आल्या. गाणं का, ते पुढे सांगतो.

मी समुद्रापलीकडच्या सुवाहून कॉलेज करून, नाटकं लिहायला शिकून आलो हे तुला माहितीये. पहिल्याच नाटकात मी नटांना प्रेक्षकांत बसवलं आणि प्रेक्षकांना मंचावर. प्रेक्षक मंचामागच्या दारानं घरी गेले. मग पोटासाठी ही सरकारी नोकरी. सांस्कृतिक आणि सृजनशील उद्योग सहाय्य कक्ष. (एवढं नाव पाटीवर मावेना, म्हणून पाटी भिंतीच्या कोपऱ्यावरून वळवून नेलीय. रस्त्यावरून फक्त "उद्योग सहाय्य" दिसतं, त्यामुळे लोक होडीच्या इंजिनासाठी कर्ज मागायला येतात.) काम तसं सोपं. चटया विणणाऱ्या बायका, सालीच्या कापडावर नक्षी काढणाऱ्या बायका, लाकूड कोरणारे, गोंदणारे, या सगळ्यांना जाऊन सांगायचं की तुम्ही उद्योग आहात. ते म्हणतात, बरं. मग बाहेरदेशच्या पाहुण्यांना सांगायचं की हे सगळे उद्योग आहेत, यांना हातभार लावा. तेही म्हणतात, बरं. आपल्या एवढ्याशा बेटावर कुणी कुणाला नाही म्हणतच नाही, आणि माझी वाट लागली ती याच्यापायीच.

झालं काय, पाहुणे येणार म्हणून आमच्या तुसीपेपा मॅडमनी सगळ्या कला एका छपराखाली दाखवायचं ठरवलं आणि आखणी माझ्याकडे दिली. मी झकास आखली. चटया अर्धा तास, नक्षी अर्धा तास, मग गोंदण पाऊण तास, "प्रश्नोत्तरांसह". हा कागद घेऊन मी तुफुगा फाओलिऊंकडे गेलो. कंबरेपासून गुडघ्यापर्यंतचा अख्खा पेआ गोंदणारा माणूस म्हणजे इथे कोण असतो ते तुला माहितीये. पण या फाओलिऊंना आताशा विमानतळांची नावं पाठ झालीयत. कुठल्या देशात मासा अळणी मिळतो याच्यावर ते तासभर बोलतात. कागद त्यांनी लांब धरून वाचला.

"पाऊण तास? पाऊण तासात काय गोंदू, डास?"

मी म्हटलं, "नुसतं दाखवायचंय, तुफुगा. नमुना."

"नमुना कापडाचा असतो बाळा. माणूस आणशील तर सुरू करीन. आणि सुरू केलं की संपवीन."

मी हे "तत्त्वतः होकार" असं लिहून घेतलं.

माणूस होता रे! बंदरावरचा एक धिप्पाड हमाल मॅडमनी तयार केला होता. सकाळी पलीकडच्या सवाई बेटाची फेरीबोट सुटली तेव्हा तो फेरीवर होता, आणि ज्यांनी बघितला ते म्हणतात, फेरीच्या पुढे पोहत जाईल की काय असा टोकाला उभा होता. इकडे पाहुणे फुलांचे हार घालून बसलेले. चटई पसरलेली. तुफुगांनी दातेरी फणी काळ्या शाईत बुडवलेली, ती ठोकायचं दांडकं दुसऱ्या हातात. कातडी ताणून धरणारे दोघं हात पुसून तयार, पण ताणायला कातडीच नाही. मी माईकवर बोलून बोलून वेळ काढला. आपल्या पूर्वजांपासून सुरुवात केली आणि पूर्वज संपले. तेव्हा मॅडम शेजारी येऊन हळूच म्हणाल्या, "येलेमिया, तू आत्ता नक्की काय करतोयस?"

"मॅडम, माईक धरलाय."

"माईक मी धरते."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी पाठ दाखवली, एवढाच फरक. तू म्हणशील, गाढवा, पहिला टोला पडला की माघार नसते हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळतं! पण मला वाटलं, हे नाटक आहे. मी नाटकवाला, तुफुगा जगभर फिरलेले, दोघांना मंच कळतो. मी पालथा पडलो आणि तोंड चटईत खुपसून पुटपुटलो, "तुफुगा, फणी वरच्यावर. नुसता आवाज काढा." ते म्हणाले, "बरं." (बघ, परत बरं!) आणि ठक्.

पेसा, मी लेखक आहे, मला उपमा यायला हव्यात. एकही आली नाही. मी ओरडलो. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

तरीसुद्धा तेवढ्यावर काहीतरी मार्ग निघाला असता. चक्कर आली म्हणता आलं असतं, मॅडमना पाठीवर एक ठिपका दाखवून सुट्टी घेता आली असती. पण जेवण फुकट होतं, म्हणून आजोबांनी सगळं घर आणलं होतं. ते उठले. काठी टेकली. खांद्यावर माशा वारायचा तो गोंडा टाकला, आणि त्यांचं भाषण सुरू झालं. आपल्या खानदानात किती वर्षांत कुणी चटईवर पडलं नाही. लोक मागून काय काय बोलले. आज हा पोरगा, ज्याला आपण सगळे (इथे त्यांनी एक शब्द वापरला, तो जाऊ दे) समजत होतो, तो न सांगता, न विचारता पुढे झाला. मग म्हातारा रडला. भर सभेत, पाहुण्यांसमोर. आणि घरातल्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात तलम चटया तुफुगांना देऊन टाकल्या. तुफुगांनी त्या डोक्याला लावल्या. मी खालून, पालथा, एका डोळ्यानं हे बघत होतो. त्या क्षणी माझी पाचावर धारण बसली ती अजून उठलेली नाही.

आता रोज तुफुगा घरी येतात. पेआ जिथून सुरू होतो ती पाठीवरची होडी काढून झाली, तिच्याखालचे काळे पट्टे सुरू आहेत. ठकठक चालू असताना ते मला सिडनीच्या विमानतळावरच्या सँडविचबद्दल सांगतात. मावश्या आणि शेजारणी कडेनं बसून गातात, कारण गाण्यानं दुखणं कमी होतं म्हणतात. (कुणाचं?) परवा मी हुंदका दिला तर आजोबा म्हणाले, "रडायचं तर रड, पण तालात रड. बायकांचा ठेका चुकतोय." तुझी आई म्हणाली, "मी पाच पोरं काढली, तेव्हा कुणी गाणं म्हटलं होतं का मला?" संध्याकाळी मला पाण्यात नेऊन पाठ चोळून धुतात. हे टोल्यांपेक्षा वाईट. आणि एकटं म्हणून सोडत नाहीत. पेआ अर्धा असताना माणूस एकटा सापडला तर भुतं त्याला हात लावतात, म्हणून मी संडासाला गेलो तरी बाहेर कोणीतरी भजन म्हणत उभं असतं. मी शिकलेला माणूस, भुतांवर माझा विश्वास नाही. पण काल भजन मध्येच थांबलं तर माझ्या अंगावर काटा आला, आणि मी आतूनच पुढचं कडवं सुरू केलं.

पुढे मांड्या आहेत. मग गुडघ्यामागची ती नाजूक जागा, तिथलं तर तुफुगा नुसतं नाव काढून हसतात. शेवटी बेंबी. बेंबीवर, पेसा! आजोबांनी शेवटच्या दिवशी अंगाला लावायची हळद आत्ताच कुटून ठेवलीय आणि डबा माझ्या डोळ्यांसमोर ठेवलाय. कक्षातून मॅडमनी अहवाल पाठवला: "एक तरुण थेट लाभार्थी." पाहुण्यांनी कळवलंय की हळदीच्या दिवशी ते परत येणार.

तू म्हणशील, मग सोड ना. म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, मग सोडूनच दे. मीही हाच विचार करत होतो. तेवढ्यात परवा दुपारी तालोसागाकाका आले. कोपऱ्यावरचे दुकानदार रे, जे समुद्रातसुद्धा शर्ट घालून उतरतात आणि आपण लहानपणी ज्यांना "शर्टमासा" म्हणायचो. बाकीचे जेवत होते. काका माझ्याजवळ बसले. मग पाठ फिरवली आणि शर्ट वर केला. पाठीवर होडी. फक्त होडी. खाली काही नाही, नुसती सुरकुतलेली कातडी.

"वडील वारले आणि मी उठलो," ते म्हणाले. "मग परत पडायची हिंमत झाली नाही. कुणी कधी काही म्हटलं नाही हं. फक्त लग्नात, मयताला, नाचायची वेळ आली की लोक माझ्याकडे बघायचं टाळतात. तेवढंच."

मग शर्ट खाली करून त्यांनी मला बिस्किटाचा पुडा दिला आणि गेले. मी तो पुडा अजून फोडलेला नाही. त्या दिवसापासून मला दोन्ही बाजूंनी भीती वाटते, पेसा. पुढे गेलो तर फणी. उठलो तर ती होडी, तशीच, म्हातारी होत जाणारी. माझ्या नाटकांचे शेवट मी मुद्दाम अर्धवट सोडायचो आणि त्याला प्रयोग म्हणायचो. पाठीवर असा प्रयोग नको रे.

माझं एवढंच. मन मोकळं झालं. मला कशाची अपेक्षा नाही. वहिनींना नमस्कार. मावशीनं आणलेला कोको एकटा पिऊ नकोस.

तुझा,
येलेमिया

ता. क. हां, एक राहिलं. पेआ एकट्याचा होत नाही, जोडीनं होतो, हे तुला मी काय सांगायचं? तुफुगांनी काल फणी पुसत विचारलं, "याचा जोडीदार कुठे?" मग आजोबांनी तुझं नाव घेतलं. मी नाही हं, आजोबांनी. मी फक्त मान हलवली, आणि ती पालथं पडल्यावर फक्त वरखालीच हलते. माझी डावी मांडी झाली की तुफुगा थांबणार, तू येऊन मला गाठेपर्यंत. मावशीच्या पर्समध्ये परतीची दोन तिकिटं आहेत. दुसऱ्यावर तुझं नाव स्पेलिंगसकट बरोबर आहे, मी तपासलंय.

ता. क. २. वर दुखण्याबद्दल जे लिहिलंय ते लेखकाच्या सवयीनं वाढवून लिहिलंय. (खरं तर कमी करून लिहिलंय. पण तू वाढवूनच लिहिलंय असं धर.)

ता. क. ३. आता खरं सांगतो. पत्र लिहायचंय म्हणून मी सगळ्यांना लांब, झाडाखाली बसायला पाठवलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा एकटा. बंदराची बस इथूनच जाते आणि सवाईच्या फेरीचं तिकीट माझ्या उशीखाली होतं. तुला लिहिता लिहिता बस आली. थांबली. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला, माझ्याकडे बघितलं आणि गेली. मी उठलो नाही. हे शौर्य होतं की पाठ आखडली होती, मला खरंच माहीत नाही. तू आलास तर आपण दोघं मिळून ठरवू. नाही आलास तर तुफुगा एकट्याचाच करतील, नाखुशीनं, आणि भुतांचं काय ते मी बघीन.

हाक आली. आज डावी मांडी. बायकांनी गाणं सुरू केलंय आणि चटईवर अजून माणूस नाही, हे बरं दिसत नाही. मी निघालो.