सोवळ्यातलं जंगल

आई, पुढच्या आठवड्यात मी आफ्रिकेला चालले आहे. टांगानिका नावाचं मोठं सरोवर आहे, त्याच्या काठाशी डोंगर आणि डोंगरावर दाट जंगल. तिथे रस्ता जात नाही, होडीनेच जायचं. त्या जंगलात चिंपांझी राहतात, मोकळे, आपल्या घरी. त्यांना बघायचं आहे. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, सोबत कोण? कुणी नाही. या वयात बाई एकटी निघाली की लोकांना एक तर तीर्थयात्रा वाटते, नाहीतर डोकं फिरलंय असं वाटतं. तुझ्या नातवाला दुसरं वाटतं. कालच म्हणाला, "आई, बंदर तो यहाँ नर्मदा किनारे ग्वारीघाट पे भी हैं. चणे टाक अन् संध्याकाळी घरी ये." मी म्हटलं, "त्यांना शेपूट असतं रे, यांना नसतं." त्यावर तो माझ्या गुडघ्यांवर घसरला.

गुडघे दुखतात हे खरं आहे. म्हणून तर उन्हाळ्यापासून रोज सकाळी मदनमहालची टेकडी चढते आहे. पहिल्या दिवशी अर्ध्यातच एका दगडावर बसकण मारली होती. आता वर जाऊन येते आणि उतरताना कुणाचा हात धरत नाही. पासपोर्ट काढला, पिवळ्या तापाची लस टोचून घेतली. निवृत्त बाईने काय करावं हे सांगायला सगळा गाव तयार असतो. मी ऐकून घेते आणि सकाळी बूट चढवते.

हे खूळ डोक्यात तूच घातलंस, तुला आठवत नसेल. मी लहान आहे, गावात सर्कस आली आहे, बाबांची फॅक्टरीत ड्यूटी आहे, म्हणून आपण दोघीच लाकडी फळीवर बसलोय. फ्रॉक घातलेली एक चिंपांझी येते, खुर्चीत बसते, कपबशीने चहा पिते. सगळा तंबू हसतो, मीही हसते. आणि तू माझा दंड धरून उठतेस. "चल. त्या लेकराला घरी जायचं आहे अन् हे लोक हसून राहिले." हत्ती अजून यायचे होते. मी घरापर्यंत भोकाड पसरलं होतं. तिचं घर कुठे असतं, हे मात्र त्या रात्री बाबांना विचारलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पण तुझं सगळंच मला पटलं असं समजू नकोस. तू सोवळ्यात स्वयंपाक करायचीस आणि मी उंबरठ्याबाहेर उभी. शाळेतून येऊन तुला बिलगावंसं वाटायचं. "काहून पुढे येऊन राहिली? शिवशील, दूर हो." मी तरी रात्री तुझ्या कुशीत झोपायचे. भांडी घासणाऱ्या मावशींचा कप मात्र कायमचा बाहेरच्या कोनाड्यात. सर्कशीतल्या जनावराचं दुःख तुला लांबून दिसलं आणि या बाईचं दारात उभं असून दिसलं नाही, याचा राग मला अजून येतो. तू गेलीस म्हणून तो कमी झालेला नाही.

परवा प्रवास कंपनीतल्या मुलाचा फोन आला. चिंपांझींजवळ जायचे नियम सांगत होता. तोंडाला मास्क, अंतर राखायचं, शिवायचं नाही, त्यांच्यासमोर काही खायचं नाही. "और आंटीजी, ज़रा भी सर्दी-खाँसी हुई तो आपको नीचे कैंप में ही बैठना पड़ेगा." आपलं साधं पडसं त्यांना लागलं तर ते मरतातसुद्धा. मी हो हो म्हणत गेले आणि फोन ठेवल्यावर एकटीच हसत सुटले. आई, हे तर तुझंच सोवळं. फरक एवढाच की तुझ्या सोवळ्यात विटाळ नेहमी समोरच्याचा असायचा. तिथे विटाळ माझा आहे. उंबरठ्याबाहेर मी उभी राहायचं, कारण आत राहणाऱ्याचा जीव सांभाळायचा आहे. असं सोवळं मी आनंदाने पाळीन.

म्हणून ठरवलं आहे. त्या दिवशी सकाळी नाक जरी चोंदलं तरी मी आपणहून सांगणार. बाकीचे डोंगर चढतील, मी सरोवराकडे बघत बसेन आणि काहीही न बघता जबलपूरला परत येईन. लोक हसले तर हसोत.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडायचं नाही, म्हणून पुढचंही तुला सांगून टाकते. वरचा परिच्छेद लिहिताना मला लागोपाठ शिंका आल्या. बाहेरच्या खोलीतून तुझ्या नातवाने विचारलं, "सर्दी झाली का?" मी म्हटलं, "नाही रे, फोडणीचा ठसका." आज मी गॅस पेटवलेलाच नाही.