नमुना आणायला गेले आणि नमुना झाले

तीर्थस्वरूप मामा यांस,

भाचीचा वाकून नमस्कार (पाठ धरली आहे, तेव्हा जमेल तेवढाच वाकून). तुमचा गुडघा, मामीची सर्दी आणि टीव्हीच्या आवाजावरून तुम्हा दोघांत चाललेला वाद, सगळं जागच्या जागी असेल असं धरून चालते. मीही बरी आहे. फक्त एका जागी बसवत नाही, एवढंच.

तुम्ही नेहमी विचारता, त्या लॅबमध्ये करतेस तरी काय. तर मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये एक प्रथिन काय करतं, ते बघते. (बाबांना हे सांगितलं, तर त्यांनी दुसऱ्या दिवसापासून अंडी सोडली. हे खायचं प्रथिन नव्हे, हे त्यांना अजून पटलेलं नाही.) ते पेशींच्या मधल्या जागेत असतं. खांबासारखा पेशींचा भार पेलत नाही, पण कुठे थांबायचं नि कुठे सरकायचं हे पेशींना सांगत राहतं. आमच्या उंदरांमध्ये ते नसलं, की गाठ लवकर धरते आणि थेट फुप्फुसापर्यंत हातपाय पसरते.

परवा आमच्या बाईंनी (म्हणजे माझ्या मार्गदर्शक) मला हॉस्पिटलात गाठींचे नमुने आणायला धाडलं. बाकावर जरा टेकले, तर नर्सने मला पेशंट समजून पाण्याचा जग हातात दिला. मी नमुन्यासाठी आले आहे म्हटलं, तर तिने शांतपणे रिकामी बाटलीही आणून दिली. तिच्या नजरेच्या धाकाने सगळं पाणी प्यायले. मग काय, धड बसवेना, धड उठवेना. शेजारचे काका, जन्मभर कापड रंगवण्याच्या कारखान्यात राबलेले, मलाच धीर देऊ लागले. त्यांना वर्षापूर्वी एकदाच लाल लघवी झाली होती. दुखलं नाही, आपोआप थांबलंही.

"थांबलं म्हणजे बरं झालं, असंच वाटलं गं," ते म्हणाले.

आता गाठ मूत्राशयाच्या स्नायूत शिरली आहे. बाकावरच्या बहुतेकांची कथा थोड्याफार फरकाने हीच. नमुन्यांचा डबा घेऊन परतताना पहिल्यांदाच मनात आलं, की यातला एखादा तुकडा आपल्या माणसाचाही असू शकतो. तेव्हापासून कामात लक्ष लागत नाही, आणि बाईंची बोलणी खाते आहे.

बाकी सगळं ठीक.

तुमची भाची

ता. क. : मामीने मला काहीही सांगितलेलं नाही. बीट खाल्ल्याने लाल झाली असं तुम्ही म्हणालात, हेही नाही. आणि घरात कित्येक महिन्यांत बीट आलेलंच नाही, हेही नाही.

आणखी ता. क. : पत्र पोस्टाने आलेलं नाही, मामीच्या हाती दिलं आहे. डॉक्टरांची वेळ घेतली आहे आणि मी खाली गाडीत बसले आहे. चपला घाला. रागवायचं ते वाटेत रागवा.