झाकणाचा खटका

१८ नोव्हेंबर
मार्चमध्ये पाठवलेल्या खटक्याबद्दल इटलीहून अजून एक अक्षर नाही! हंगाम सुरू झाला, इथे ट्युनिशियात स्फॅक्सभोवतीचे सगळे तेलघाणे धडधडतायत, आणि आमच्या मूळ कंपनीला उत्तर द्यायला सवड नाही.
हेदीसाहेबांना आज पुन्हा विचारलं. इथल्या शाखेचे प्रमुख ते, इटलीशी सगळा व्यवहार त्यांच्याच हातून. म्हणाले, "अभ्यास चाललाय म्हणे, पोरी. मोठी माणसं, वेळ लागतो. कॉफी घे."
कॉफी!
कसला डोंबलाचा अभ्यास? ऑलिव्हचा लगदा ढवळणाऱ्या यंत्राचं झाकण उघडलं की आतली पाती थांबायला हवीत. एवढंच. इटलीच्या खटक्यात लगदा जाऊन बसतो, यंत्र उगीचच बंद पडतं. मग घाणेवाले वैतागून तो तारेनं बांधून टाकतात. झालं! झाकण उघडं, पाती चालू. माझा खटका बाहेरून बिजागरीवर बसतो. लगदा तिथे पोचतच नाही. शेंबड्या पोरालाही कळेल!

२१ नोव्हेंबर
इटलीचं नवं माहितीपत्रक आलं. पहिल्याच पानावर पाला उडवणारी चाळणी — माझी! खाली नाव तिकडच्या इंजिनियरचं, दोनातोचं. मागल्या साली आला, फोटो काढले, आईच्या हातचा कुसकुस दोनदा मागून घेतला, गेला. पाठोपाठ चाळणीचं कामही तिकडे गेलं आणि आमच्या वर्कशॉपमधले तिघं घरी बसले.
आणि ह्याला म्हणे ज्ञानाची देवाणघेवाण. देवाण आमची, घेवाण त्यांची!

२९ नोव्हेंबर
मोंजीकाकांचा हात यंत्रात गेला.

३० नोव्हेंबर
काल पुढे लिहवेना.
उजव्या हाताची तीन बोटं. काका हन्शा गावच्या घाण्यावर जन्म काढलेला माणूस. झाकण उघडून लगदा चिमटीत धरून बघायला गेले, रोज बघतात तसे. खटका तारेनं बांधलेला.
मी इस्पितळात गेले तर काका हसत होते! "रडतेस काय, एम्ना? दोन उरलीत की. सिगरेट धरायला पुरे."
काकू तोंड फिरवून बसलेल्या.
बाहेर येऊन भिंतीला लाथ मारली. पाय सुजलाय. सुजू दे.

३ डिसेंबर
दोनातो आला, अपघाताची पाहणी करायला. बैठकीत मी सुटलेच. "मार्चपासून माझा खटका तुमच्याकडे धूळ खातोय! चाळणी उचलायला बरे हात लांब झाले होते!"
तो पांढराफटक. "कुठला खटका? मला काहीच आलेलं नाही."
खोटारडा, म्हणणार होते. तेवढ्यात हेदीसाहेबांकडे लक्ष गेलं. ते टेबलाकडे बघत होते. नुसते टेबलाकडे.
केबिनमध्ये गाठलं. म्हणाले, "नाही पाठवला मी. चाळणी दिली, तिघं गेले. हाही दिला असता तर वर्कशॉपला टाळं लागलं असतं. तुमच्याच पोटासाठी केलं, पोरी."
"मग इथल्या घाण्यांवर तरी बसवायचा!"
"इटलीच्या परवानगीवाचून? आणि परवानगी मागायची म्हणजे आधी दाखवायचा."
"आणि मला काय सांगत होतात? अभ्यास चाललाय!"
ते कॉफी मागवायला लागले.
बाबा गेल्यावर माझ्या लग्नात त्यांच्या जागी उभा राहिलेला माणूस हा! त्याच्यावर ओरडताना माझा आवाज फाटला. दाराबाहेर सगळं ऑफिस उभं. असू दे उभं.

४ डिसेंबर
कुणाला विचारलं नाही. चित्र, मापं, सगळं एकदम पाठवून दिलं — इटलीला आणि देशोदेशींच्या सगळ्या शाखांना. माझं नाव घाला, दोनातोचं घाला, चुलीत घाला! पण बसवा.
हेदीसाहेब दिवसभर माझ्याकडे आले नाहीत. नकोच.

६ डिसेंबर
मोरोक्कोच्या शाखेतून फोन. लहसेन नावाचा कारागीर, आवाज अगदी आनंदलेला. "बाई, तुमचं चित्र बघितलं आणि हसूच आलं! अगदी असाच खटका आम्ही इथे दोन हंगाम लावतोय. आमच्या इथल्या साहेबांनी बजावलं होतं, इटलीला कळता कामा नये. आणि ट्युनिशियावाल्यांना तर मुळीच सांगू नका — ते लगेच इटलीला सांगतील."