अठ्ठ्याहत्तर दिवस

कोराडी, नागपूर
दि. ९ जून

प्रेमिलावहिनी,
सविनय जयभीम.

तुम्ही कळमेश्वरला भावाकडे गेल्यापासून इकडची खबर कोणी दिली नसेल, म्हणून लिहितो. तुमच्या क्वार्टरमध्ये नवीन लोक आले. अंगणातलं सीताफळ त्यांनी तोडलं नाही. मेघाचे गुडघे तसेच आहेत. छातीतल्या बॅटरीमुळे मला आता पॉवर प्लांटच्या आत जायला मनाई आहे, गेटवर बसवलं आहे. दीक्षाचा दहावीचा निकाल मेघानं मोबाइलवर पाहिला. आम्हाला फार बरं वाटलं.

तीन वेळा तुमचा नंबर लावला आणि कापला.

रोशनच्या मातीच्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, "तुमच्या दोघाईच्या डोक्यात एकच मशीन होती, भाऊ. तुम्ही निभावलं. यालेच लाज नव्हती." मी खाली मान घालून ऐकलं. तेव्हाच बोलायला हवं होतं.

डिसेंबरात दारू सुटावी म्हणून आम्हा दोघांच्या मेंदूत तारा घातल्या, छातीत बॅटरी बसवली, तेव्हा डॉक्टरांनी तुम्हाला आणि मेघाला समोर बसवून समजावलं होतं. पहिले तीन महिने निम्म्या लोकांचा करंट चालू राहील, निम्म्यांचा बंद. कोणाचा कोणता ते सांगणार नाहीत, आपसात बोलायचंही नाही. वीस मार्चला सगळ्यांचाच चालू करतील. तुम्ही रडत होता, लक्षात राहिलं नसेल.

माझा चालू होता. आठवड्याभरातच मला कळलं. दारूच्या दुकानासमोरून गेलो आणि ते मला चपलांच्या दुकानासारखं वाटलं. आत शिरायचं काही कारणच नव्हतं.

रोशनला काहीच होत नव्हतं. तपासणीहून परतताना बसस्टॉपवर तो हात मांड्यांखाली दाबून बसायचा, कापतात ते दिसू नये म्हणून. एक मार्चला त्यानं विचारलं,

"लहानू, खरं सांग गा. तुले काही फरक वाटून राहिला का?"

"नाही गा. माझंही तसंच हाय."

"मंग तू कसा राहून राहिला?"

"राहतो कसातरी."

तो म्हणाला, "म्हणजे मशीनच फालतू हाय. पुढंही काही होनार नाही."

मी गप्प बसलो, वहिनी. नियम होता म्हणून नाही. माझा चालू आहे हे कळलं तर तो डॉक्टरांशी भांडायला जाईल, सगळा घोळ होईल आणि ते माझाही बंद करतील, ही भीती. बावीस वर्षांनी सकाळी उठल्यावर मला चहा प्यावासा वाटत होता. ते मला गमवायचं नव्हतं.

आठ मार्चला तो प्यायला. नऊला सकाळी तुम्ही त्याला उठवायला गेलात.

वीस तारखेला बारा दिवस उरले होते. 'तुझा बंद दिसते, तेवढे दिवस दम धर,' एवढंच मला म्हणायचं होतं.

मे महिन्यात डॉक्टरांनी यादी उघडली. ते मला फक्त माझंच सांगणार होते, पण कागद टेबलावर होता. सात नंबर मी, चालू. आठ नंबर रोशन, बंद. दवाखान्यानं तुमच्या नावानंही पाकीट पाठवलं आहे. तुमचे भाऊ सांगत होते की तुम्ही ते उघडलंच नाही. उघडा. तुमचा माणूस अठ्ठ्याहत्तर दिवस कशाच्याही आधाराशिवाय राहिला. मला ते एक दिवसही जमलं नसतं. दीक्षाला तिचा बाप कसा होता ते कळू द्या.

आठवड्यातून एकदा छातीवर पट्टा बांधून बॅटरी चार्ज करावी लागते. तासभर हलता येत नाही. तेव्हा पलंगाची दुसरी बाजू दबते. कोणीतरी येऊन बसल्यासारखी. तो तेच विचारतो. मी आता खरं सांगतो. तो ऐकतो, आणि पुन्हा तेच विचारतो.

डॉक्टरांना एवढंच सांगितलं की झोप लागत नाही. ते म्हणाले, करंट थोडा वाढवू, मन हलकं होईल. मी नको म्हटलं.

रविवारी सकाळच्या बसनं कळमेश्वरला येतो. दारात उभा राहीन. आत घ्या किंवा घेऊ नका, जे बोलायचं ते दीक्षासमोर बोला.

तुमचा म्हणवून घ्यायची हिंमत नसलेला,
लहानू