लेव्हलपुरतं बोलणं

सोम. ३ फेब्रु.
दुपारी सुमनकाकूंचा फोन. लालबागचे मिमिक्रीवाले दत्ताकाका, त्यांची बायको. आमच्या पॉडकास्टवर ऑर्केस्ट्रावाल्यांचा एपिसोड केला तेव्हा काकांना घ्यायचं राहून गेलं होतं. वाटलं, त्याचीच आठवण करून देतायत. तर थेट म्हणाल्या, "ह्यांना घशाचा कॅन्सर आहे. अठराला ऑपरेशन. आवाजाची पेटीच काढणार. तुमच्याकडे चांगला माईक आहे ना? ह्यांचा आवाज ठेवायचाय."
म्हटलं, हो काकू, एपिसोडच करू.
"एपिसोड करा नाहीतर नका करू. मला घरात ठेवायचाय. मला."
निल्याला सांगितलं. प्रश्न मी विचारायचे, एडिट त्याने करायचं, ही आमची पहिल्यापासूनची वाटणी, त्यामुळे तारखा त्याच्या सोयीने. तो म्हणाला, तीन सिटिंग आरामात होतील. आणि वर, "भारी होईल यार." मलाही अगदी तेच वाटलं होतं. लाज वाटली, पण वाटलं होतं.

गुरु. ६ फेब्रु.
पहिलं सिटिंग. मसाला गल्लीमागची चाळ, दुसरा मजला. मिरच्या कुटायचे दिवस, कुटणीच्या गिरण्यांचे डंक सकाळपासून चालू, भिंतीला हात लावला तर कळतं. जेवायला एक तास बंद होतात, तेवढ्यात उरकायचं. खिडकीला गोधड्या बांधल्या. ठसका लागून दोनदा मीच बाहेर.
काका अडुसष्टचे. हडकलेत. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, आणि स्वतःच्या घरात बसून पायात बूट! आवाज थोडा बसलाय इतकंच. गाठ खाली आहे म्हणे, अन्ननळीच्या तोंडाशी, पण पेटी वाचत नाही. "डॉक्टर म्हणाले, बोला हवं तेवढं. आता बोलून काय बिघडणार?"
रेकॉर्डिंग सुरू झालं आणि माणूस बदलला. सतराव्या वर्षी गिरणीत लागले. जॉबरची, म्हणजे खात्यातल्या मुकादमाची, नक्कल केली म्हणून आठवडाभर घरी बसवलं, ती नक्कल. चाळीचा सेक्रेटरी. चार गिरण्यांचे चार भोंगे, चारही वेगळे. म्हणाले, माणूस श्वास कुठे घेतो ते आधी धरायचं, आवाज मागाहून येतो. मी हसून हसून बेजार. काकू स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्या होत्या, त्या हसल्या नाहीत. म्हटलं, हजार वेळा ऐकलं असेल.

रवि. ९ फेब्रु.
दुसरं सिटिंग. स्टेजच्या गोष्टी. दोन गाण्यांच्या मध्ये गायिकेला पाणी प्यायचं असतं, वादकांना सूर लावायचे असतात, तेवढा वेळ पब्लिक धरून ठेवायचं, ते काकांचं काम. "कधी पाच मिनिटं, कधी सात. लोकांना वाटायचं आपण गाण्याला आलोय. मध्ये मी हसवून जायचो."
विचारलं, आणि तुमचा स्वतःचा आवाज, काका?
जुन्या सिनेमातल्या व्हिलनच्या आवाजात, डोळे बारीक करून, "तो ऐकायला तिकीट कोण काढतंय?"
निल्याने लांबूनच अंगठा दाखवला. मी पुढचा प्रश्न घेतला.

शुक्र. १४ फेब्रु.
तिसरं आणि शेवटचं. काका लवकर दमले. गाठीची कळ कानात जाते म्हणे, कान दाबून धरत होते. शेवटी एकेक आवाज येतो आणि श्रोत्यांचा निरोप घेतो, अशी कल्पना. माझी आहे, इथे लिहून ठेवते, नाहीतर निल्या स्वतःची म्हणून सांगेल. जॉबर गेला, सेक्रेटरी गेला, व्हिलन गेला, सगळ्यात शेवटी भोंगा. मग शांतता. निल्या नाक पुसत होता.
निघताना काकूंनी दारात हात धरला. "झालं ना गं सगळं?"
"सगळं आलं काकू."

मंगळ. १८ फेब्रु.
परळचं हॉस्पिटल. सकाळी साडेसातला काकांना आत नेलं, संध्याकाळी पाचला बाहेर. काकूंबरोबर बाकावर. एकदाच म्हणाल्या, जाताना स्ट्रेचरवरून त्या वॉर्डबॉयची नक्कल करत गेले. तोही हसला.
मला वाटलं, बघा, शेवटपर्यंत कलाकार. हे आजच्या तारखेला लिहून ठेवतेय.

शनि. २२ फेब्रु.
एपिसोड टाकला. आजवर आम्हाला असा प्रतिसाद आलेला नाही. जुने ऑर्केस्ट्रावाले रडत फोन करतायत. शेवटच्या भोंग्याची क्लिप सगळीकडे फिरतेय. निल्या हवेत. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू.
काकूंना लिंक पाठवली, आणि तिन्ही सिटिंग पूर्ण, पेनड्राइव्हवर. त्यांचा पुतण्या घेऊन गेला.

गुरु. २७ फेब्रु.
काकूंचा फोन, हॉस्पिटलच्या जिन्यातून.
"ऐकलं सगळं. दोनदा ऐकलं. छान झालंय." मग, "पण ह्यात हे कुठे आहेत?"
मला कळेचना. म्हटलं, अख्खे तीन तास तेच तर आहेत.
"भोंगा आहे, जॉबर आहे, सेक्रेटरी आहे. मधे मधे बोलतात ना, मित्रहो वगैरे, तो स्टेजचा आवाज. घरात असे नाही बोलत. मला हाक मारतात, 'सुमन, खंय मेलंस गो', तसं. तसं कुठे आहे? मला सापडत नाही. तू काढून दे."
"बघते काकू."

शुक्र. २८ फेब्रु.
रजा टाकून तीन तास परत ऐकलं. काकूंचं खरं आहे. एक वाक्य नाही. माईक चालू आहे हे कळताच काका उठून जातात आणि दुसरं कोणीतरी येऊन बसतं. ओट्याशी उभं राहून काकू तीन दिवस वाट बघत होत्या आणि मी हसत होते.
आणि मग आठवलं. सिटिंगआधी लेव्हल घेतो ना आम्ही, माईकमध्ये आवाज किती मोठा येतो ते बघायला. प्रत्येकाला तोच प्रश्न, सकाळी काय खाल्लंत? माणूस काहीही बोलतो, मी काटा बघते, निल्या बटण फिरवतो. रेकॉर्डिंग तेव्हापासूनच चालू असतं. काका तिन्ही वेळा त्यांच्या मालवणीत बोलले. "पेज घेतलंय. मिठाचो खडो नाय तेच्यात." आतून काकू, डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय. काका, "डॉक्टर येऊन पेज पितलो काय?" दोघं चांगली दोन-तीन मिनिटं भांडत होती. मी हेडफोन लावून ऐकत होते. म्हणजे ऐकत नव्हते, काटा लालमध्ये जातोय का ते बघत होते. निल्याला म्हटलंसुद्धा, "ओके, आता सुरू करू."
निल्याला फोन केला. तो म्हणाला, "लेव्हल कोण ठेवतं यार? सुरुवातीचा तो तुकडा उडवूनच सेव्ह करतो मी, तुला माहितीये." रेकॉर्डरचं मेमरी कार्ड? फॉरमॅट करून पुसलेलं. त्यावर नंतर पुढच्या एपिसोडची, एका ढोलकीवाल्याची, दोन सिटिंग झाली.

रवि. २ मार्च
कार्ड लॅमिंग्टन रोडला, पुसलेलं परत काढून देणाऱ्या दुकानात दाखवलं. दुकानदाराने काल दिवसभर ठेवून घेतलं. परत मिळाली ती ढोलकी. काकांचं काही नाही.
पुतण्याकडून लग्नाबारशांचे व्हिडिओ मागवले. प्रत्येकात कोणीतरी काकांच्या हातात माईक देतंच. काकांचा फोन साधा, मेसेज कधी बोलून पाठवला नाही. आणि फोन उचलायचे तोही म्हणे दरवेळी वेगळ्याच आवाजात.
निल्या म्हणाला, तीन तासांचा ऑडिओ आहे, एआयला देऊ, काकूंना हवी ती वाक्यं बोलून घेऊ. म्हटलं, बोलेल, पण कोण बोलेल? आपण दिलंय काय त्याला? जॉबर सुमनला हाक मारेल. कडाक्याचं भांडलो. तो म्हणाला, मला एकट्याला नको धरूस. बरोबर आहे त्याचं. सगळं आलं, असं दारात उभं राहून मी सांगितलं होतं. स्वतःची किळस येते.

शुक्र. ७ मार्च
काका घरी आलेत. मी लालबागला गेले, ते रेकॉर्डिंग उरलेलं नाही हे सांगून टाकायचं म्हणून. दादरपासून वाक्यं पाठ करत होते.
गळ्याला भोक, त्यावर ओला फडका. नाकात नळी. काकूंना बोलवायचं तर पलंगाच्या कडेवर चमचा वाजवतात. डंकांच्या आवाजात काकूंना तो कसा ऐकू येतो देव जाणे, पण येतो, लगेच येतात.
काकांनी पाटी घेतली. "जॉबर झकास. दुसरा भोंगा चुकला." पुसलं. मग बराच वेळ लिहीत होते. "ही म्हणते त्यात मी नाही. खरं?"
माझ्याकडे असे बघत होते की पाठ केलेलं सगळं गेलं. तोंडातून निघालं, "आहात काका. सुरुवातीला, लेव्हल घेताना. पेजेवरून भांडलात ना काकूंशी, मिठावरून, ते."
काका हसले. आवाज नाही. खांदे हलले आणि गळ्यावरचा फडका उडत राहिला. पाटीवर लिहिलं, "ते पण घेतलंस?"
काकू हात पुसत आल्या, पलंगावर बसल्या. इतक्या दिवसांत त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं, हॉस्पिटलचा बाक सोडला तर.
"लाव की मग."
"फोनमध्ये नाहीये काकू. ओरिजिनलमध्ये आहे, घरी."
"मग उद्या आण. उद्या आम्ही दोघंच आहोत."
हो म्हटलं. जिना उतरून कोपऱ्यापर्यंत आले आणि तिथेच उभी राहिले. परत वर जायला हवं होतं. नाही गेले.

शनि. ८ मार्च
सकाळी दहा. निल्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "येऊ का मी बरोबर?" म्हटलं, नको.
काकूंचा फोन येऊन गेला, उचलला नाही. मग मेसेज आला. येताना स्पीकर आण. ह्यांनी पाटीवर लिहिलंय, मोठ्याने लावायचं.
स्पीकर चार्जिंगला लावलाय. का लावला, मला माहीत नाही.